गोड्या पाण्यातून खाऱ्या पाण्यात : डायव्हिंगमधील वजन आणि तरंगण्याच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

आज जळगावात गटाची बैठक झाली आणि प्रकल्पाचे काम निश्चित झाले. येथील जलतरण तलावाच्या गोड्या, उथळ पाण्यात प्रत्येक सदस्याला पाण्याखाली जाण्यासाठी अंगावर किती शिसे बांधावे लागते हे नीट मोजायचे आणि त्यावरून मालवणच्या समुद्रात त्याला किती शिसे लागेल याचा अंदाज, तेथे पाय ओला होण्यापूर्वीच, कागदावर मांडायचा. मार्चच्या सुरुवातीला मालवणला जाणे ठरले आहे. अंदाज बरोबर की चूक हे तेथे कळेल. गटातील सर्वांकडे स्कूबा डायव्हिंगचे प्राथमिक प्रमाणपत्र आहे. तलावातील प्रत्येक सत्राला प्रशिक्षक मुंबईहून येणार आहेत आणि ते नसतील त्या दिवशी कोणीही श्वासाच्या हवेची टाकी पाठीला लावायची नाही.

हे काम हाती घेण्यामागचे कारण आमच्या भूगोलात आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्या डायव्हरचे वजन आज जमले नाही तर तो उद्या ते सुधारून पुन्हा पाण्यात उतरू शकतो. खानदेशातून निघालेल्या माणसाला समुद्राचे दोन दिवस मोठ्या मुश्किलीने मिळतात आणि त्यातले पहिले डायव्ह कमरेच्या पट्ट्यात शिसे घालण्या-काढण्यातच संपते. शिवाय घाईच्या वेळी नेहमी शिसे वाढवले जाते, कमी केले जात नाही. नवशिक्याला पाण्याखाली नेण्याचा तोच सर्वांत झटपट मार्ग असतो आणि त्याचे परिणाम त्या माणसाला पुढचा पाऊण तास भोगावे लागतात.

‘शरीराच्या वजनाच्या एक दशांश शिसे’ हा ठोकताळा गटातील सर्वांनी ऐकलेला आहे. तो या प्रकल्पात वापरायचा नाही असे मी सुचवले आणि ते मान्य झाले. चरबी पाण्यापेक्षा हलकी असते, स्नायू आणि हाडे जड असतात, त्यामुळे सारख्या वजनाच्या दोन माणसांचे पाण्यातील वागणे सारखे नसते. आणि अंगातला रबरी सूट, टाकी व पाण्याचा खारेपणा या तिन्ही गोष्टींना तर त्या ठोकताळ्यात जागाच नाही. प्रत्येकाच्या वजनाचा हिशेब मांडण्याच्या आमच्या पत्रकाचा नियम वेगळा राहील : शिशाच्या प्रत्येक किलोसमोर तो किलो कशासाठी आहे हे लिहिलेले असले पाहिजे. ज्या किलोला कारण लिहिता येणार नाही, तो पट्ट्यातून काढायचा.

११ जानेवारी

आजचा दिवस कोरड्या जमिनीवरच्या मोजमापाचा होता. गटातील एका सदस्याच्या ओळखीने दालमिलमधील काटा वापरायला मिळाला. प्रथम शिशाचे तुकडे तोलले. एक किलो म्हणून आलेल्या तुकड्यांत काही पन्नास-साठ ग्रॅमने कमी आणि एक-दोन तेवढेच जास्त निघाले. प्रत्येकावर खरे वजन रंगाने लिहून ठेवले. शिसे पाण्याच्या ११.३४ पट घन असते, म्हणजे एक किलो शिसे सुमारे ८८ मिलिलिटर पाणी बाजूला सारते आणि पाण्यात त्याचा भार सुमारे ९१० ग्रॅमच भरतो. पत्रकात आकडे मांडताना हा फरक धरावा लागेल.

त्यानंतर टाकीची पाळी आली. आम्ही वापरतो ती ॲल्युमिनियमची, ११.१ लिटर आकारमानाची नेहमीची टाकी. २०० बार दाबाने (एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाइतका दाब) भरलेली टाकी झडपेसह १७.७ किलो भरली, तर मागील सत्रात वापरून ५० बारवर ठेवलेली तशीच टाकी १५.७ किलो भरली. हिशेबाने हेच अपेक्षित आहे : १५० बार म्हणजे सुमारे १६६५ लिटर हवा, आणि एका लिटर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम धरले तर एकूण दोन किलो होतात. हवेला वजन असते हे शाळेत सर्वांनी वाचलेले असते, पण काट्यावर दोन किलोंचा फरक डोळ्यांनी पाहिल्यावर गटातील चर्चेचा सूरच बदलला. डायव्हर पाण्यात उतरताना जितका जड असतो, तितका तो वर येताना नसतो. वाटेत त्याने दोन किलो श्वासातून सोडून दिलेले असतात.

या एका गोष्टीवरून प्रकल्पाची दिशा ठरते, असे माझे मत आहे. वजन डायव्हच्या सुरुवातीसाठी ठरवायचे नसून शेवटासाठी ठरवायचे असते. टाकीत ५० बार उरले आहेत, तरंगणे कमी-जास्त करण्यासाठी हवा भरता-सोडता येते त्या जाकिटात हवा नाही, आणि वर येताना ५ मीटर खोलीवर ३ मिनिटांचा सुरक्षा थांबा घ्यायचा आहे, या घडीला माणूस वरही जाऊ नये आणि खालीही जाऊ नये इतकेच शिसे त्याच्याजवळ असावे. सुरुवातीला तो दोन किलोंनी जड असेलच. तो जादा भार जाकिटात दोन लिटर हवा भरून उचलायचा आणि टाकी हलकी होत जाईल तशी ती हवा सोडत जायची.

१४ जानेवारी

दोन प्रस्ताव विचारात घेऊन नाकारले.

पहिला, जुन्या बॅटऱ्यांमधील शिसे वितळवून येथेच तुकडे ओतण्याचा. पैसे वाचले असते, परंतु शिशाची वाफ आणि धूळ शरीरात साठून राहते आणि बॅटरीतील आम्लाचा धोका वेगळाच. प्लास्टिकचे आवरण असलेले तयार तुकडेच वापरायचे आणि उघडे शिसे हाताळले तर हात धुतल्याशिवाय काही खायचे नाही.

दुसरा प्रस्ताव अधिक मोह पाडणारा होता. आमच्यातील आप्पांची रावेर तालुक्यात केळीची बाग असून त्यांचे शेततळे ५ मीटर खोल आहे. सुरक्षा थांब्याची खरी खोली घरच्या घरी मिळाली असती. मात्र शेततळ्याच्या प्लास्टिकच्या अस्तरावर शेवाळ धरल्यावर उतारावरून वर चढणे रिकाम्या हाताच्या माणसालाही जमत नाही, मग पाठीवर पंधरा किलोंची टाकी असलेल्याचे काय होईल हे सांगायला नको. हतनूर किंवा वाघूरच्या जलाशयाचा विषय तर लगेचच संपवला : गाळ, मासेमारीची जाळी आणि धरणाच्या विसर्ग मार्गाकडील ओढ या तिन्ही गोष्टी सरावाच्या शत्रू आहेत. काम ३ मीटर खोलीच्या जलतरण तलावातच होईल.

१९ जानेवारी

तलावातील पहिले मोजमाप झाले. हवा हा आमच्यासाठी सर्वांत महागडा भाग आहे, कारण टाक्या मुंबईहून भरून येतात. गॅरेजमधील कॉम्प्रेसरची हवा चालेल का, असे एकाने विचारून पाहिले. तेलाचा अंश आणि कार्बन मोनॉक्साइड असलेली हवा दाबाखाली श्वासातून घेणे जिवावर बेतू शकते, म्हणून तो विचार पुन्हा मनातही आणायचा नाही असे प्रशिक्षकांनी स्पष्ट सांगितले. त्यामुळे सत्राची रचना अशी केली की सकाळचा सर्व सराव भरलेल्या टाकीवर करायचा आणि ती ५० बारच्या जवळ आली की त्याच टाकीवर वजनाची चाचणी घ्यायची. काटकसर झाली आणि चाचणीही योग्य स्थितीत झाली.

चाचणीची पद्धत येथे सविस्तर लिहून ठेवतो, कारण पुढील सर्व आकडे तिच्यावर अवलंबून आहेत. सदस्याने पूर्ण साहित्य चढवून, पायाखाली जमीन नसलेल्या जागी, उभ्या स्थितीत स्थिर व्हायचे. जाकीट पूर्ण रिकामे करायचे. रेग्युलेटर (टाकीतील हवा श्वासासाठी तोंडात देणारे उपकरण) तोंडात ठेवून नेहमीसारखा श्वास घ्यायचा आणि तो क्षणभर धरायचा. पाण्याची पातळी डोळ्यांच्या रेषेत आली पाहिजे. मग सावकाश, शेवटपर्यंत श्वास सोडायचा. त्याबरोबर डोके पाण्याखाली जाऊन शरीर हळू उतरू लागले पाहिजे. उतरले नाही तर अर्धा किलो वाढवायचा, श्वास धरलेला असतानाही बुडाले तर अर्धा किलो काढायचा. श्वास धरण्याची ही मुभा केवळ पृष्ठभागावरील या चाचणीपुरती आहे. पाण्याखाली दाबाची हवा घेतल्यानंतर श्वास कधीही रोखायचा नाही. भरलेल्या फुप्फुसांनी एक-सव्वा मीटर वर आले तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते.

आज पहिल्या फेरीत जवळजवळ प्रत्येकाने “मी बुडत नाही, आणखी शिसे द्या” असे सांगितले आणि प्रशिक्षकांनी कोणालाही लगेच शिसे दिले नाही. त्यांनी कारणे शोधायला लावली. एकाच्या जाकिटाच्या खांद्यात हवा अडकली होती, कारण तो मागे रेलून हवा सोडत होता. हवा सोडण्याची नळी सर्वांत उंच ठिकाणी धरली आणि शरीर किंचित उजवीकडे झुकवले तेव्हा ती बुडबुड करीत बाहेर पडली. धुळ्याहून आलेल्या दोन भावांपैकी धाकटा नकळत पायांनी सायकल मारत होता आणि प्रत्येक लाथेबरोबर स्वतःला वर ढकलत होता. पाय घोट्याजवळ एकमेकांवर ठेवायला सांगितल्यावर तो त्याच वजनावर खाली गेला. आमच्यातील ताई अमळनेरला औषधांचे दुकान चालवतात. त्यांचा सूट अजून कोरडाच होता आणि त्याच्या आत हवेचे थर राहिले होते. आणि सर्वांच्याच बाबतीत श्वास पूर्ण सुटत नव्हता. नवा माणूस पाण्यात अस्वस्थ असला की छाती वरच्या वर भरलेली ठेवतो. निम्मा श्वास सोडतो आणि पुन्हा भरतो. फुप्फुसात अडकून राहिलेली दीड-दोन लिटर हवा म्हणजे दीड-दोन किलोंची उचल असते. अशा माणसाच्या पट्ट्यात दोन किलो वाढवले तर तो बुडतो खरा, पण काही मिनिटांनी मन शांत होऊन श्वास नेहमीचा झाला की तेच दोन किलो त्याला तळाकडे ओढू लागतात.

म्हणून पत्रकावर चाचणीपूर्वी तपासायच्या चार गोष्टींची ओळ छापून घेणार आहे : सूट पूर्ण भिजला आहे का, जाकीट खरोखर रिकामे आहे का, पाय स्थिर आहेत का, श्वास तळापर्यंत सुटला का. चारही उत्तरे ‘होय’ आल्यानंतरच शिशाला हात लावायचा.

आजचे आकडे, ३ मिलिमीटर जाडीचा सूट आणि ५० बारची टाकी धरून : आप्पांना ४ किलो, ताईंना ३ किलो, धुळ्याच्या थोरल्या भावाला २ किलो, धाकट्याला आणि मला अडीच किलो.

२६ जानेवारी

ध्वजवंदनानंतर तलावावर छोटेसे सत्र झाले. रेग्युलेटर न लावलेली भरलेली टाकी पाण्यात सोडली. ती तळाला जाऊन बसली. ५० बारची टाकी सोडली. ती वर आली आणि तरंगत राहिली. हिशेबाप्रमाणे गोड्या पाण्यात भरलेली टाकी सव्वा किलोच्या आसपास जड आणि ५० बारला पाऊण किलोच्या आसपास हलकी असते. पत्रकात ‘टाकीसाठी’ हा स्तंभ कशासाठी आहे हे यानंतर कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

२ फेब्रुवारी

आज सूट मोजले. ओला केलेला सूट जाळीच्या पिशवीत घालून, आतील हवा दाबून काढून, तो अर्ध्या मीटरवर जेमतेम बुडेपर्यंत पिशवीत शिसे टाकत गेलो. मध्यम मापाच्या ३ मिलिमीटरच्या सुटाला दोन किलोंहून थोडे अधिक शिसे लागले. त्याच मापाचा, बराच वापरलेला दुसरा सूट मात्र दीड किलोतच बुडाला. सुटाच्या रबरात, म्हणजे निओप्रीनमध्ये, वायूचे असंख्य बारीक बुडबुडे असतात. वारंवार दाबाखाली जाऊन ते फुटतात, आक्रसतात आणि सूट वर्षागणिक पातळ व कमी तरंगणारा होत जातो. लेबलवर मात्र तीन मिलिमीटर तसेच राहते.

जलतरण तलावात जे दिसू शकत नाही तेही येथे लिहिले पाहिजे. समुद्रात १० मीटरवर दाब दुप्पट होतो आणि बॉइलच्या नियमानुसार त्या बुडबुड्यांतील वायूचे आकारमान निम्मे होते, म्हणजे सुटाची सुमारे एक किलोची उचल नाहीशी होते. २० मीटरवर आकारमान एक तृतीयांश उरते. यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते : पृष्ठभागापासून १० मीटरपर्यंत जेवढा बदल होतो, तेवढा त्यापुढील कोणत्याही १० मीटरमध्ये होत नाही. २० वरून ३० मीटरवर जाताना दाब तीनाचा चार होतो, पण शून्यावरून दहावर जाताना तो एकाचा दोन होतो. उथळ पाणी सोपे असते हा समज म्हणूनच सोडावा लागतो; तरंगण्याच्या दृष्टीने शेवटचे ५ मीटर सर्वांत अवघड असतात आणि नेमके तेथेच टाकी सर्वांत हलकी झालेली असते.

आप्पांनी यावर फार नेमका प्रश्न विचारला. लहानपणी विहिरीत पोहायला शिकताना पाठीला वाळलेला भोपळा बांधत असत; त्याची उचल तर खाली गेल्यावर कमी झाल्याचे कधी जाणवले नाही, मग सुटाचीच का होते? उत्तर भोपळ्याच्या कवचात आहे. कवच कठीण असल्यामुळे आतील पोकळी थोड्याशा खोलीवर दाबली जात नाही आणि उचल तशीच राहते. सूट आणि जाकीट मऊ असल्यामुळे पाण्याचा दाब थेट आतील वायूवर पोहोचतो. मी हे स्पष्टीकरण पत्रकाच्या मागील बाजूस लिहून ठेवले आहे, कारण शेतावरच्या विहिरीत पोहायला शिकलेल्या कोणालाही ते लगेच पटेल.

९ फेब्रुवारी

आज एकूण वजनाला हात न लावता फक्त त्याची जागा बदलण्याचे काम केले आणि आतापर्यंतच्या सत्रांत सर्वाधिक फरक आजच पडला.

आप्पांचे चार किलो बरोबर होते, परंतु पाण्यात त्यांचे पाय सतत खाली लोंबत होते. शरीराची उचल प्रामुख्याने छातीकडून, म्हणजे फुप्फुसे आणि जाकीट यांच्याकडून येते, तर सर्व शिसे कमरेला होते. एक बल छातीशी वर आणि दुसरे कमरेशी खाली, यामुळे शरीर उभे फिरते. अशा तिरक्या स्थितीत पायांनी मारलेली प्रत्येक लाथ पुढे नेण्याबरोबर वरही ढकलते. मग डायव्हर वर जाऊ नये म्हणून जाकिटातील हवा कमी करतो, त्यामुळे आणखी जड होतो, आणि तरंगत राहण्यासाठी आणखी लाथा मारतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो योग्य खोलीवर दिसतो. प्रत्यक्षात तो जड असून पायांच्या बळावर टिकून असतो. त्याची हवा लवकर संपते ती याच कारणाने.

प्रशिक्षकांनी आप्पांच्या कमरेवरील चारपैकी एक किलो काढून टाकीच्या गळ्याजवळील पट्ट्यावर लावला आणि टाकी जाकिटात दोन बोटे वर सरकवली. त्यानंतर आप्पा हात पुढे धरून, पाय गुडघ्यात वाकवून, काहीही न हलवता आडवे राहिले. पाण्यातून वर आल्यावर त्यांनी अहिराणीत एवढेच सांगितले : “आते बरं वाटस.”

ताईंचे उलट होते. त्यांचे पाय वर उचलले जात होते, कारण त्यांच्या फिन (पायांत घालायचे वल्ह्यासारखे पंख) तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या आहेत आणि टाकी रिकामी होत आल्यावर तिचे बुडही वर उचलू लागते. त्यांचा पट्टा कमरेवर थोडा खाली आणला आणि टाकी किंचित खाली घेतली. तेवढ्याने काम झाले, घोट्यांना वजन बांधण्याची गरज पडली नाही. घोट्यावरचे शिसे मला मुळीच पसंत नाही, कारण ते प्रत्येक लाथेला उचलावे लागते.

येथे एक मर्यादा पाळायची आहे. जागा बदलण्याच्या उत्साहात सगळे शिसे टाकीच्या पट्ट्यावर किंवा न सुटणाऱ्या खिशांत जाता कामा नये. संकटात एका हाताने, एका झटक्यात सोडता येईल असे वजन प्रत्येकाजवळ असलेच पाहिजे, आणि ते माणसाला पृष्ठभागावर तरंगत ठेवण्यास पुरेसे असले पाहिजे. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला आपला आणि जोडीदाराचा पट्टा कोणत्या बाजूने सुटतो हे हात लावून पाहायचे, हा नियम लिहून घेतला.

१६ फेब्रुवारी

वजन बरोबर आणि जागा बरोबर झाल्यावर उरतो तो श्वास. शांत बसलेल्या माणसाचा एक श्वास सुमारे अर्धा लिटर असतो. ठरवून खोल घेतला तर दोन लिटरपर्यंत सहज जातो. म्हणजे जाकिटाचे बटण न दाबता दीड किलोची चढ-उतार छातीतच उपलब्ध असते. तलावाच्या तळापासून एक मीटर वर तरंगत राहून, केवळ श्वासाने अर्धा मीटर वर-खाली होण्याचा सराव केला. शरीर श्वासाला लगेच प्रतिसाद देत नाही. हवा आत गेल्यावर एक-दोन सेकंदांनी ते उचलू लागते. नवा डायव्हर हा अवधी संपण्यापूर्वीच बटणाकडे हात नेतो, दोन्हींचा परिणाम एकत्र होतो आणि तो हव्या त्या खोलीच्या पुढे निघून जातो. उचल जाणवण्यापूर्वीच श्वास सोडायला सुरुवात करायची, हे शरीराला शिकवावे लागते आणि ते सांगून येत नाही.

सत्राच्या शेवटी प्रशिक्षकांनी जादा वजनाचा प्रयोग मुद्दाम करून दाखवला. धुळ्याच्या थोरल्या भावाला, ज्याला दोन किलो पुरतात, सहा किलो दिले. तोही तरंगू शकला, परंतु त्या जादा चार किलोंना उचलण्यासाठी त्याच्या जाकिटात साडेतीन लिटरहून अधिक हवा भरावी लागली. तो ३ मीटरवरून दीड मीटरवर आला की ती हवा जवळजवळ अर्ध्या लिटरने फुगे आणि त्याला वर ओढी. हवा सोडली की तो तळाशी जाई. तलावात यातून फक्त दमणूक झाली. समुद्रात २० मीटरवरून १० मीटरवर येताना हीच साडेतीन लिटर हवा सव्वापाच लिटर होईल, म्हणजे न मागता पावणेदोन किलोंची उचल मिळेल, आणि ती वेळीच सोडली नाही तर माणूस मिनिटाला ९ मीटरच्या मर्यादेपेक्षा कितीतरी वेगाने वर फेकला जाईल. जादा शिसे माणसाला बुडवते अशी भीती असते. मला अधिक काळजी वाटते ती त्या शिशापायी जाकिटात साठवाव्या लागणाऱ्या हवेची.

२३ फेब्रुवारी

मालवणचे पत्रक तयार केले. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंचीवर आहे आणि उंचावरील डायव्हिंगच्या दुरुस्त्या साधारणतः ३०० मीटरपासून पुढे लागू होतात, म्हणून हवेच्या दाबासाठी वेगळी दुरुस्ती केली नाही. उरली ती पाण्याच्या घनतेची. गोड्या पाण्याचे एक लिटर एक किलो धरले तर समुद्राचे सुमारे १.०२५ किलो भरते. तलावात समतोल साधलेला डायव्हर साहित्यासह जितक्या किलोंचा, तितक्याच लिटरचा असतो. समुद्रात त्या आकारमानावर अडीच टक्के अधिक उचल मिळते.

ताईंचे शरीर ५८ किलो, ५० बारची टाकी १५.७, जाकीट व रेग्युलेटर मिळून ५, सूट-फिन-मास्क साडेतीन आणि शिसे ३. एकूण सुमारे ८५ किलो. त्याचे अडीच टक्के म्हणजे २.१ किलो. शिशाची स्वतःची उचल धरून २.३ किलो वाढवायचे; अंदाज ५.३. आप्पा साहित्यासह १०७ किलोंच्या आसपास, त्यांची वाढ २.९ आणि अंदाज ६.९. धुळ्याचा थोरला भाऊ शरीराने ७० किलोंचा, व्यायामाचा. साहित्यासह ९७ किलो, वाढ २.७, अंदाज ४.७. दशांशाच्या ठोकताळ्याने त्याला ७ किलो आणि ताईंना ५.८ किलो दिले असते. प्रत्यक्षात ५८ किलोंच्या ताईंना ७० किलोंच्या तरुणापेक्षा अधिक शिसे लागते आहे, आणि त्याचे कारण आमच्या पत्रकात ओळीने लिहिलेले आहे.

चाचणी भरलेल्या टाकीवर करावी लागली तर काय, हाही प्रश्न आला. तेव्हा डोळ्यांच्या रेषेची चाचणी नेहमीप्रमाणे करायची आणि निघालेल्या आकड्यात या टाकीसाठी दोन किलो मिळवायचे, कारण तेवढी हवा डायव्हच्या शेवटी नसणार आहे.

४ मार्च, मालवण

पहिले डायव्ह किल्ल्याच्या बाजूच्या पाण्यात, ९ मीटरपर्यंत झाले. तलावात न आलेली पहिली अडचण पृष्ठभागावरच आली : लाटांमुळे डोळ्यांची रेषा वर-खाली होत राहते आणि चाचणीचा निकाल नीट वाचता येत नाही. त्यामुळे खरा निकाल शेवटच्या थांब्यावरच घ्यायचा असे ठरवले.

ताई साडेपाच किलो घेऊन उतरल्या. ५ मीटरवर, ५० बार असताना, त्यांनी जाकीट पूर्ण रिकामे केले आणि तीन मिनिटे केवळ श्वासावर त्या तेथेच राहिल्या. खोलीमापकाचा आकडा अर्ध्या मीटरहून अधिक हलला नाही. आप्पांचे ७ किलो बरोबर ठरले. धुळ्याच्या थोरल्या भावाला ५ किलो दिले होते. थांब्यावर जाकीट रिकामे केल्यावर तो हळूहळू खाली जाऊ लागला आणि जाकिटात थोडी हवा भरूनच स्थिर झाला. वर आल्यावर कारण लगेच सापडले. त्याने जळगावचा सूट न घालता येथील केंद्राचा जुना, पातळ झालेला सूट घातला होता. २ फेब्रुवारीच्या नोंदीतील अर्ध्या-पाऊण किलोचा फरक तो हाच. दुपारच्या डायव्हला त्याने ४ किलो घेतले आणि थांबा व्यवस्थित पार पडला.

खाली दिसलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आमच्याजवळून दुसऱ्या गटातील एक पर्यटक जात होता. त्याचे पाय खाली लोंबत होते आणि फिनच्या प्रत्येक फटक्याने तळाची वाळू उडून शेजारच्या प्रवाळावर बसत होती. मालवणचा हा परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ सावकाश वाढते आणि एका लाथेने तुटते. बसलेला गाळ त्याचा प्रकाश अडवतो. आप्पा त्याच खडकावरून दीड मीटर उंचीवर आडवे गेले आणि मागे वाळूचा कणही उडाला नाही. फेब्रुवारीतील दोन बोटे सरकवलेल्या टाकीचा उपयोग काय, हे त्या खडकावर दिसले.

१० मार्च, जळगाव

पत्रकात तीन बदल केले. सुटाच्या स्तंभात जाडीऐवजी पिशवीत मोजलेली प्रत्यक्ष उचल लिहायची. केंद्राचा सूट घालणार असल्यास तोही उतरण्यापूर्वी मोजायचा, त्यासाठी जाळीची पिशवी आणि अर्ध्या किलोचे तुकडे सोबत न्यायचे. निकालाच्या स्तंभात पृष्ठभागावरील चाचणीऐवजी ५ मीटरवरील थांब्याची नोंद घ्यायची. आणि टाकीच्या स्तंभात पोलादी टाकीसाठी वेगळी ओळ ठेवायची, कारण अनेक पोलादी टाक्या ५० बारवरही तरंगत नाहीत आणि ॲल्युमिनियमसाठी काढलेले शिसे त्यांच्याबरोबर वापरले तर डायव्हर अकारण जड होतो. मात्र हवा संपण्याचा दोन-अडीच किलोंचा फरक पोलादी टाकीतही तसाच राहतो. तो टाकीच्या धातूवर अवलंबून नसून आतील हवेवर असतो, ही टीप त्या ओळीखाली लिहिली आहे.

प्रशिक्षकांनी पुढील सत्राला १२ लिटरची पोलादी टाकी आणण्याचे मान्य केले आहे. ती भरलेली आणि ५० बारवर अशी दोन वेळा तोलायची, मग पाण्यात सोडायची, आणि त्यानंतर ताईंची चाचणी पुन्हा घ्यायची. दालमिलचा काटा शनिवारी दुपारी मोकळा असतो.